चिल्लर माशांची सकाळ

फाल्गुन लागला की नदीचे पाणी नितळ होते. पावसाळ्यातला गढूळपणा केव्हाच तळाशी बसलेला असतो आणि उन्हाळ्याची काहिली अजून यायची असते. काठावरच्या पळस-पांगाऱ्यांना पाने नसतात, फुलेच असतात. सकाळी साडेसातला अंगावर शाल हवीशी वाटते आणि दहाच्या सुमारास तीच नकोशी होते. घरातील वृद्ध व्यक्तीला बाहेर न्यायचे तर वर्षभरात याहून सोयीचे दिवस थोडेच मिळतात. म्हणून या पंधरवड्यात आपल्याशी एखाद्या आजाराविषयी न बोलता मी एका सकाळविषयी बोलणार आहे. पथ्यपाण्याच्या गोष्टी ओघाने येतीलच.

माझे मामा ऐंशीला दोन कमी आहेत. वाई आणि सातारा यांच्या दरम्यान कृष्णाकाठी त्यांचे गाव. गेल्या भाद्रपदात ओल्या अंगणात त्यांचा पाय घसरला आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळले, वॉकर सुटून हाती काठी आली. डॉक्टरांनी चालायला सांगितले होते, पण मामा चालत नव्हते. सोप्यातल्या पलंगावरून न्हाणीपर्यंत आणि न्हाणीतून पुन्हा पलंगापर्यंत, एवढाच त्यांचा प्रवास उरला होता.

इथे मला माझ्या मामेभावाचा आणि वहिनींचा उल्लेख केला पाहिजे, कारण दोष द्यावा असे त्यांच्या सेवेत काहीच नव्हते. औषधाची एक गोळी चुकली नाही. पाण्याचा तांब्या हाताशी, कपडे हाताशी, वर्तमानपत्र हाताशी. मामांनी उठायची हालचाल केली की वहिनी स्वयंपाकघरातून म्हणत, "मामंजी, बसा तुम्ही, मी देते." दिवसातून वीस वेळा त्यांनी हे म्हटले असेल आणि विसाही वेळा ते मायेपोटीच होते. पण अशा सहा महिन्यांत त्या घरात मामांच्या वाट्याला करण्यासारखे एकही काम उरले नाही. वाटाणे सोलायचे म्हटले तरी कोणीतरी परात ओढून घेई.

आपल्यापैकी जे कोणी घरी वडिलधाऱ्यांची शुश्रूषा करीत असतील त्यांना हे चित्र अनोळखी वाटणार नाही. जे स्वतः त्या पलंगावर बसून आहेत त्यांना तर नाहीच नाही.

माघ महिन्यात मी मामांना भेटायला गेले होते. त्या दिवशी भावाने बाजारातून मोठा रोहू आणला होता. मामांनी दोन घास खाल्ले आणि ताट सरकवले. "तळ्यातला दिसतोय. चव न्हाय ह्याला," ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "शिंगटी असती म्हंजी..." मी आल्यापासून दोन दिवसांत त्यांनी आपणहून बोललेले हे पहिलेच वाक्य होते, आणि तेही अर्धे.

शिंगटी म्हणजे काय, असे आपल्यातील पुण्या-मुंबईकडचे वाचक विचारतील. वीतभर लांबीचा, बिनखवल्यांचा, मिशाळ मासा. बाजारात त्याला मान नाही. कोळीण त्याला अशाच लहानसहान माशांच्या ढिगात टाकते आणि ढीग उचलून देते. मळ्या, मुरी, अळकूट ही त्याच ढिगातली मंडळी. गिऱ्हाईक सुरमई-पापलेटाकडे बघते, फार तर रोहू-कटल्याकडे. या ढिगाला आमच्याकडे 'चिल्लर' म्हणतात. आणि मामांचे सारे बालपण, तारुण्य आणि निवृत्तीनंतरची कित्येक वर्षे या चिल्लर माशांच्या मागे नदीकाठी गेली होती. मामी माळकरी होत्या. त्यांच्या चुलीवर मासा कधी चढला नाही. मामा परड्यात तीन दगड मांडून स्वतः रांधत आणि भांडी स्वतः घासून वेगळी ठेवत. त्या दोघांत यावरून कधी वाद झाल्याचे मला आठवत नाही.

नदीवर जाण्याचा विषय मी काढला तेव्हा भावाने सरळ नकार दिला. "पुन्हा पडले तर?" त्याच्या प्रश्नाला माझ्याजवळ चटकन उत्तर नव्हते, कारण प्रश्न रास्त होता. खुब्याचे हाड एकदा मोडल्यावर दुसऱ्या पडण्याची भीती ही काल्पनिक भीती नव्हे. परंतु या भीतीची एक दुसरी बाजू असते आणि ती आपण नीट समजून घेतली पाहिजे. पडण्याच्या भीतीने माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांड्यांचे आणि पोटऱ्यांचे स्नायू झिजतात. उतारवयात ते फार लवकर झिजतात आणि भरून यायला फार वेळ लागतो. स्नायू झिजले की तोल सांभाळणे कठीण होते आणि मग ज्या पडण्याला भिऊन आपण बसून राहिलो तेच पडणे जवळ येते. म्हणजे पलंग ही सुरक्षित जागा आहे असे आपल्याला वाटते, पण तिचीही किंमत मोजावी लागतेच. ती हप्त्याहप्त्याने मोजावी लागते म्हणून कळत नाही, इतकेच.

भावाला मी एवढेच म्हटले की आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारू. डॉक्टरांनी होकार दिला, मात्र दोन अटी घातल्या. सपाट जागा हवी आणि सोबत दोन धडधाकट माणसे हवीत. मग तयारीसाठी आम्ही तीन आठवडे घेतले, आणि ही तयारीच मला त्या सकाळीइतकी महत्त्वाची वाटते. नदीकाठी गाडी थांबते तिथून बसायच्या जागेपर्यंत सुमारे दीडशे पावले होती. भावाचा बारा वर्षांचा मुलगा ती मोजून आला. मग मामा अंगणात रोज तेवढी पावले चालू लागले. पहिल्या दिवशी चाळीस पावलांवर थांबले. "दीडशे कशापायी?" त्यांनी विचारले. नातवाने सांगितले, "आजोबा, वाळूपर्यंत दीडशेच आहेत." त्यानंतर त्यांनी कोणालाही चालण्याची आठवण करू दिली नाही. डॉक्टरांनी सहा महिने सांगितलेला व्यायाम त्यांनी केला नव्हता, तो आता ते करू लागले, कारण त्याच्या पलीकडच्या टोकाला शिंगटी होती.

त्याच दिवसांत त्यांनी माळ्यावरची काठी खाली काढायला लावली. कळकाची, हलकी, मधे एके ठिकाणी दोऱ्याने बांधून घेतलेली. दोरा कुजला होता. गळ गंजले होते. नवा तंगूस आणि अगदी बारीक गळ तालुक्याच्या बाजारातून आणले, सगळे मिळून शंभर रुपयांच्या आत. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया होऊनही मामांना गळाच्या डोळ्यात दोरा ओवता येईना, हातही थरथरत होता. हा प्रसंग नाजूक असतो. त्यांनी दोन-तीनदा प्रयत्न केला आणि गळ खाली ठेवला. वहिनी पुढे होणार एवढ्यात मी त्यांना डोळ्यांनी थांबवले. थोड्या वेळाने मामांनीच नातवाला हाक मारली, गाठ कशी मारायची ते सांगितले आणि त्याच्याकडून ती पाच वेळा सोडवून पुन्हा मारून घेतली. हाताने काम होत नसेल तर ते सांगून करून घेणे हेही काम आहे. पण ते काम कोणाला सांगायचे आणि केव्हा सांगायचे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा त्यांना मिळायला हवा.

एकादशी टाळून, होळीच्या आदल्या आठवड्यातला एक दिवस आम्ही ठरवला. निघण्यापूर्वी गावात चौकशी केली, ती दोन कारणांसाठी. नदीच्या काही टप्प्यांवर आणि तलावांवर मासेमारीचा ठेका असतो, तेव्हा विचारल्यावाचून गळ टाकू नये. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. वर धरण असलेल्या नदीत शेतीचे आवर्तन सुटले की कोरडे दिसणारे पात्र बघता बघता भरते. धोमचे पाणी त्या दिवशी सुटणार नाही याची खात्री करूनच आम्ही निघालो. आपल्या गावाच्या नदीवर असे धरण असेल तर पाटबंधारे खात्याच्या माणसाकडे किंवा निदान काठच्या शेतकऱ्याकडे चौकशी केल्यावाचून वयस्क माणसाला वाळवंटात बसवू नका. तरुण माणूस धावत काठ गाठेल, काठीवर चालणारा गाठू शकणार नाही.

सामान थोडेच नेले, पण विचार करून नेले. हातांची खुर्ची हवी, कारण उठताना दोन्ही हातांनी रेटा देता येतो. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय ओल्या वाळूत एकसारखे रुतत नाहीत आणि ती तिरकी होते, हे आम्हांला तिथे गेल्यावर कळले. शेवटी जवळच्या शेतातल्या विहिरीपाशी पडलेले फरशीचे चार तुकडे मागून आणून पायांखाली घातले. आपण घरूनच एक फळी न्या. पायांत चपला नकोत, टाच बंद असलेले आणि तळ खरखरीत असलेले बूट हवेत. खुर्ची पाण्याला लागून ठेवू नये, कारण शेवाळ तिथेच असते. काठी लांब असते, ती पाण्यापर्यंत पोहोचते. डोक्यावर टोपी आणि डोळ्यांवर गडद चष्मा हवा, कारण मोतीबिंदू काढलेल्या डोळ्यांना पाण्यावरची झळाळी सोसत नाही. पिण्याचे पाणी न्यावे आणि आठवणीने द्यावे. उतारवयात तहान लागण्याची जाणीवच बोथट होते. शिवाय रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असेल तर पाणी कमी पडायला वेळ लागत नाही.

आणि एक गोष्ट, जी कोणी बोलत नाही. कित्येक वृद्ध बाहेर पडायचे म्हटले की आदल्या रात्रीपासून पाणी पिणे सोडतात, कारण बाहेर लघवीला कुठे जायचे हा प्रश्न त्यांना छळत असतो. आम्ही झाकणाची बाटली नेली होती आणि करंजाच्या झाडाआडची एक सपाट जागा आधी पाहून ठेवली होती. भावाने हे मामांना निघण्यापूर्वीच सांगून टाकले. मामा काही बोलले नाहीत, पण त्यांनी पेलाभर पाणी मागून घेतले. स्त्रियांच्या बाबतीत ही व्यवस्था अधिक विचाराने करावी लागते. काठावर ओळखीचे घर असेल तर त्याच्याजवळचीच जागा निवडावी.

सकाळच्या कोवळ्या उन्हात 'ड' जीवनसत्त्व मिळते म्हणून मी त्यांना नेले, असे मात्र समजू नका. त्यासाठी लागणारे किरण इतक्या सकाळी फारसे पोहोचत नाहीत. 'ड'ची कमतरता असेल तर ती तपासून, डॉक्टरांच्या सल्ल्याने भरून काढावी. त्या सकाळीचा उद्देश वेगळा होता.

दीडशे पावले चालायला आम्हांला बारा मिनिटे लागली. मधे दोनदा थांबलो. खुर्चीवर बसल्यावर मामा काही वेळ नुसते पाण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी नातवाला जागा दाखवली. समोर उंबराची मुळे पाण्यात उतरली होती, तिथे सावली होती आणि पाणी संथ होते. "शिंगटीला उजेड न्हाय सोसत. तिथं टाक, तळाला जाऊ दे." आमिषाला उकिरड्यातली गांडुळे होती आणि अळकुटांसाठी कणकेच्या बारीक गोळ्या. बुचाचा तुकडा पाण्यावर थरथरला की लगेच ओढायचे नाही, तो एकदा खाली गेला की मगच. नातू तीनदा चुकला. तिन्ही वेळा मामा हसले, आवाज न करता.

पहिले अळकूट आले ते बोटाएवढे, चांदीच्या पात्यासारखे. मग आणखी दोन. खालच्या अंगाला खडकाळ उथळ पाणी खळाळत होते. तिथे पोराने पंचा धरून मळ्या पकडला. मळ्याला हनुवटीखाली एक चकती असते, तिच्या जोरावर तो वाहत्या पाण्यात दगडाला चिकटून राहतो आणि दगडावरचे शेवाळ खातो. म्हणून तो गळाला क्वचितच लागतो. मामांनी तो ओल्या तळहातावर घेऊन उलटा केला आणि नातवाला ती चकती दाखवली. "पुरात सगळी वाहून जात्यात, ह्यो न्हाय जात," ते म्हणाले. वाळूतली मुरीही सापडली. अंगावर पट्टे असलेली, घाईघाईने निसटणारी.

येथे थोडे विषयांतर करते. एकोणिसाव्या शतकात मुंबई सरकारच्या नोकरीत असलेल्या विल्यम हेन्री साईक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांमधील माशांचा अभ्यास केला आणि १८३९ साली त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. त्या काळी नव्या जातीला बहुधा लॅटिन किंवा ग्रीक नाव ठेवीत. साईक्सने पुष्कळ माशांना इथल्या लोकांच्या तोंडी असलेली नावेच देऊन टाकली. त्यामुळे आजही शास्त्रीय ग्रंथांत मळ्या हा 'गारा मुल्या' आहे, शिंगटी 'मिस्टस सींगटी' आहे, मुरीच्या नावात 'मूरेह' आहे आणि मोठ्या खडशीच्या नावात 'खुद्री'. जगातील कोणत्याही देशाच्या अभ्यासकाने या माशाविषयी लिहायचे म्हटले तर त्याला आमच्या नदीकाठचा शब्द उच्चारावाच लागतो. ही हकिगत मी त्या दिवशी मामांना सांगितली. त्यांना तिचे फारसे आश्चर्य वाटले नाही. "मग? दुसरं काय म्हणणार?" ते म्हणाले.

शिंगटी लागली ती नऊ वाजण्याच्या सुमारास. मला राहवले नाही, मी ती गळातून सोडवायला गेले आणि अंगठ्याला काटा बसला. शिंगटीला दोन्ही बाजूंच्या परांत एकेक आणि पाठीवर एक असे तीन काटे असतात. घाबरली की ती ते ताठ उभे करते आणि ते तसेच अडकून राहतात. कळ मनगटापर्यंत गेली. मामांनी मला जवळ बोलावले, अंगठा पाहिला आणि मासा कसा धरायचा असतो ते मग दाखवले. मागून हात आणायचा आणि दोन बोटे बाजूच्या काट्यांच्या पाठीमागून बसवायची. साठी ओलांडलेल्या भाचीला त्यांनी शाळकरी पोरीसारखे रागावून घेतले. मला त्याचा आनंद झाला, हे मी त्यांना सांगितले नाही.

अशी जखम झाली तर काय करावे ते सांगते. स्वच्छ पाण्याने व साबणाने धुवावी, काट्याचा तुकडा आत राहिला आहे का ते पाहावे. सोसेल इतक्या कढत पाण्यात बोट बुडवून ठेवल्यास कळ उतरते. मात्र मधुमेहामुळे ज्यांच्या हातापायांच्या संवेदना कमी झाल्या आहेत त्यांनी पाण्याचा कढतपणा स्वतः अजमावू नये. त्यांना भाजल्याचेही कळत नाही. दुसऱ्याने आपल्या हाताने पाणी तपासून द्यावे. धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन किती वर्षे झाली हे आठवत नसेल तर डॉक्टरांना विचारावे. आणि मधुमेही व्यक्तीच्या जखमेला दुसऱ्या दिवशी लाली, सूज किंवा ताप दिसला तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये, कारण नदीच्या पाण्यातले जंतू अशा जखमेत झपाट्याने पसरू शकतात. त्याच कारणाने मधुमेहींनी अनवाणी पाण्यात उतरू नये, मळ्या कितीही जवळ दिसला तरी.

दुसरी शिंगटी लागली तेव्हा काठी मामांच्या हातात होती. दोरा ताणला गेला, आणि आम्ही काही म्हणायच्या आत मामा उठून उभे राहिले. काठीचा आधार न घेता, एका हाताने खुर्ची धरून. अर्धा-पाऊण तास बसलेला माणूस एकदम उठला की रक्तदाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना तर हे फारच होते. मामा हलले. भाऊ ओरडला, "आप्पा, बसा!" त्याने धावत येऊन त्यांना दोन्ही खांद्यांनी धरले. मासा सुटला.

कोणी काही बोलेना. मामांचा चेहरा उतरला नव्हता, तो लाल झाला होता. ते म्हणाले, "पडलो असतो तर उचललं असतंस. मासा गेला की माझा." भाऊ त्यांना तसाच धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आले. त्या भाद्रपदातल्या सकाळी अंगणात पडलेल्या वडिलांना उचलणारा तोच होता आणि त्या वेळी ते कसे विव्हळत होते हे आमच्यापैकी फक्त त्यालाच ठाऊक होते. मामांनी हे पाहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी मुलाच्या हातावर थोपटले आणि म्हणाले, "बरं. उठायच्या आधी सांगत जाईन. तू वराडू नगंस."

त्या दिवशी ठरलेला करार तो हा. उठायचे ते मामांनीच ठरवायचे. पण आधी खुर्चीच्या कडेला सरकायचे, पावले दहा-बारा वेळा खालीवर हलवायची, मग उभे राहून मनात दहा आकडे मोजायचे आणि मगच पुढे पाऊल टाकायचे. भावाने हाताच्या अंतरावर उभे राहायचे, पण धरायचे नाही आणि ओरडायचे नाही. घरीही आता हाच नियम चालतो. आपल्या घरात असा करार नसेल तर तो शांतपणे बसून करावा. प्रसंग ओढवल्यावर करण्यासारखा तो नाही.

साडेनऊला आम्ही आवरले. एकूण मासे चौदा. त्यांतले दोन मळे आणि मुरी मामांनी पाण्यात सोडायला लावली. घरी परड्यात तीन दगड मांडले गेले. वहिनींना विस्तवाची धास्ती होती, म्हणून मामा पाटाऐवजी स्टुलावर बसले आणि धोतराचा सोगा वर खोचला. शिंगटीचे पोट साफ केले गेले. अळकुटे डोक्यासकट, चिंच घातलेल्या पाण्यात मंद आचेवर शिजली. मीठ किती घालायचे यावर वहिनी व मामा यांची हुज्जत झाली. रक्तदाबामुळे वहिनी जिंकल्या. चिंचेमुळे कमी मीठ फारसे जाणवले नाही, हे मामांनीही कबूल केले.

या लहान माशांना आहारशास्त्र आता मान देऊ लागले आहे. शकुंतला थिल्स्टेड या शास्त्रज्ञ बाईंनी बांगलादेशात गरीब घरांत खाल्ल्या जाणाऱ्या लहान देशी माशांचा दीर्घकाळ अभ्यास केला. या कार्याबद्दल त्यांना २०२१ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. लहान मासा हाडांसकट खाल्ला जातो, म्हणून त्यातले कॅल्शियम शरीराला मिळते. मोठ्या माशाचे काटे आपण टाकून देतो, त्याबरोबर तेही जाते. 'मोला' नावाच्या तिथल्या एका इवल्या माशात डोळ्यांच्या आणि पोटाच्या भागात 'अ' जीवनसत्त्व भरपूर असल्याचे आढळले. प्रत्येक जातीत ते तितकेच असते असे नाही. पण प्रथिने आणि 'ब-१२' मासे देतातच. वयस्कांना शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला सुमारे एक ग्रॅम किंवा थोडी अधिक प्रथिने लागतात. आपल्याकडच्या भाकरी-आमटीच्या जेवणात, त्यातही भूक मंदावलेली असताना, ती पुरी पडत नाहीत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. ज्यांना गाऊट आहे त्यांनीही लहान माशांवर ताव मारू नये.

काट्यांविषयी स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे. ज्यांची वरची कवळी टाळू झाकते त्यांना घासातला काटा जाणवत नाही, तो सरळ घशाशी जातो. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात गिळताना ज्यांना ठसका लागतो त्यांना काटेरी मासा देऊच नये. त्यांच्यासाठी मांस सोडवून, बोटांनी चाचपून, मऊ भातात कालवावे. आंबट पाण्यात फार वेळ शिजवलेल्या अळकुटाचा काटा बोटाने चुरडतो. तो चुरडला तरच तसे वाढावे. घशात काटा अडकलाच तर भाताचा गोळा किंवा केळे गिळायला लावण्याची आपली जुनी रीत सोडून द्या. त्याने काटा अधिक खोल रुतू शकतो. सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावे.

आणखी एक. नदी आपल्या गावाला पोहोचण्यापूर्वी कुठून आली ते पाहा. शहराचे सांडपाणी किंवा कारखान्याचे मळीचे पाणी जिथे मिसळते त्याच्या खालचा मासा खाऊ नये. पाण्याला वास किंवा फेस असेल तर गळ टाकून बसावे हवे तर, पण धरलेला मासा परत सोडावा. मामांच्या लहानपणी जे मासे ओंजळीने मिळत ते आज मोजून मिळतात. त्यांच्या जागी चिलापी आली आहे, तीही त्या दिवशी दोन लागल्या. मामांनी त्या शेजारच्या मांजरासाठी ठेवल्या. यात थोडा अन्याय आहे, चिलापी खायला वाईट नसते, पण मामांना हे पटणार नाही.

ज्यांच्या घरी मासे वर्ज्य आहेत त्या वाचकांनी हा लेख आपल्यासाठी नाही असे मानू नये. माझ्या मामी कित्येक वर्षे मामांबरोबर नदीवर जात, त्या काठावर बसून करंजाची फुले वेचीत. आपल्या घरातील माणसाला काय येत होते ते आठवा. कोणाला पेरूची कलमे बांधता येत असतील, कोणाला सतार जुळवता येत असेल, कोणी पत्रावळी लावीत असेल. मात्र थोर काही शोधू नका. मामांचे मोठेपण गावाने कधी मानले ते त्यांच्या शाळामास्तरकीमुळे. पण पलंगावरून त्यांना उठवले ते शिंगटीने.

जेवताना मामांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या. दुपारी ते तीन तास झोपले, संध्याकाळी मांड्या दुखतात म्हणून कुरकुरले आणि दुसऱ्या दिवशी अंगणात चाललेच नाहीत. वहिनी काळजीत पडल्या. हे अपेक्षित होते. सहा महिने न वापरलेले स्नायू एका दिवसात वापरले तर दुखणारच. दुखणे दोन दिवसांत कमी झाले. ते कमी झाले नसते, किंवा खुब्यातच दुखू लागले असते, तर आम्ही डॉक्टरांकडे गेलो असतो. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा चालू लागले.

काठी माळ्यावर ठेवायला भाऊ शिडी लावू लागला तेव्हा मामांनी त्याला अडवले. आता ती सोप्यात, त्यांच्या पलंगाजवळच्या खुंटीला टेकून उभी आहे. ती तिथे अडचणीची होते, केर काढताना पडते, असे वहिनी म्हणतात. पाडव्यानंतर आवर्तन सुटायचे आहे, त्याच्या आत एकदा जायचे ठरले आहे. या खेपेला खुर्चीखालची फळी घरूनच न्यायची आहे.